नोंदींचा इतिहास आणि उत्तराचा वेग



शेताची आजची मालकी कोणाच्या नांवावर आहे, हें उताऱ्यावरून एका दृष्टिक्षेपांत कळतें. पण ती मालकी तेथपर्यंत कशी आली, कोणत्या खरेदीनें, कोणत्या वाटणीनें, कोणाच्या मृत्यूनंतर, हें पाहावयाचें झालें म्हणजे जुन्या नोंदी एकेक करून उलगडाव्या लागतात. आज काय आहे, हा एक प्रश्न. तें तसें कसें झालें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर बहुतेक वह्या तत्काळ देतात. दुसऱ्याचें उत्तर देण्यास एका वहीला क्षण लागतो, तर दुसरीला दिवस लागतो. हा फरक कशामुळें पडतो, ह्याचा विचार आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे, आणि तो मुख्यत्वेंकरून संगणकाच्या क्षेत्रांतील नोंदवह्यांच्या आधारें.

एका निवृत्त शाळामास्तरानें संगणकाविषयीं बोलावें, ह्याचें कोणास नवल वाटेल. परंतु तापी आणि सातपुडा यांच्यामध्यें वसलेल्या ज्या शिरपुरांत माझी हयात गेली, तेथें आतां अभियांत्रिकीचें शिक्षण मिळतें, आणि ज्यांनीं माझ्याजवळ पाढे पाठ केले तींच मुलें आज पुण्यामुंबईस संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत आहेत. दिवाळीच्या सुटींत तीं घरीं आलीं म्हणजे ओट्यावर त्यांचा एक वाद रंगतो. गिट वेगवान, कीं सबव्हर्जन, कीं मर्क्युरिअल ? जुना इतिहास कोण लवकर दाखवितें ? तो वाद मीं पुष्कळदां ऐकला, त्यांना प्रश्न विचारले, आणि हळूहळू माझी खात्री पटली कीं, ज्या प्रश्नावर हीं मुलें भांडतात तोच प्रश्न तलाठ्याच्या दप्तरांत आणि शाळेच्या जनरल रजिस्टरांत आपल्यापुढें केव्हांपासून उभा आहे.

प्रथम ह्या साधनांचें काम काय, तें पाहूं. मोठी आज्ञावली शेंकडों माणसें मिळून लिहितात. ती हजारों लहान लेखांत विभागलेली असते. ह्या लेखांस फाइल म्हणतात. प्रत्येक जण रोज कोठें तरी कांहीं तरी बदलीत असतो. काल चालणारी आज्ञावली आज बंद पडली, तर हा बदल कोणीं केला, केव्हां केला, आणि कशासाठीं केला, हें शोधावें लागतें. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारीं साधनें निघालीं. एका नोंदीस कमिट म्हणतात, आणि नव्यापासून जुन्यापर्यंत अशा नोंदींची जी यादी समोर येते तिला लॉग म्हणतात. ही यादी किती वेगानें समोर येते, हा मुलांच्या वादाचा विषय.

आतां आपला सातबारा घ्या. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला, १९१३ सालीं ती व्यवस्था जमीन महसूल कायद्यांतच घालण्यांत आली, आणि आज महाराष्ट्रांत १९६६ ची जमीन महसूल संहिता चालते. गांव नमुना सात म्हणजे त्या शेताचा अधिकार अभिलेख, आणि बारा म्हणजे पिकांची नोंद. सातव्या नमुन्यावर खातेदाराच्या नांवाजवळ वर्तुळांत एक आंकडा लिहिलेला असतो. पुष्कळ सुशिक्षित माणसेंही त्या आंकड्याकडे लक्ष देत नाहींत. तो फेरफाराचा क्रमांक होय. गांव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही वेगळी वही आहे. गांवांत जो जो बदल झाला, मग तो वारसाचा असो, खरेदीचा असो, वाटणीचा असो वा बोजाचा असो, तो तींत ओळीनें, क्रमांक घालून लिहिला जातो. तलाठी, ज्याला आतां ग्राम महसूल अधिकारी असें नांव मिळालें आहे, तो नोंद करतो, संबंधितांस नोटीस जाते, हरकत घेण्यास मुदत मिळते, आणि मगच मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो.

म्हणजे आपल्याकडे दोन तऱ्हेच्या वह्या आहेत. सातबारा ही वस्तुवार वही. एका शेतास एक पान. फेरफार ही कालवार वही; साऱ्या गांवास एक क्रम. वर्तुळांतील आंकडा हा त्या दोहोंस जोडणारा दोरा. हें एकदां ध्यानांत आलें, कीं संगणकाच्या साधनांचा सारा झगडा समजण्यास सोपा जातो, कारण कोणी पहिली तऱ्हा पत्करली, कोणी दुसरी, आणि कोणी दोन्ही.

संगणकांतील पहिलीं साधनें वस्तुवार होतीं. १९७२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं एस.सी.सी.एस. नांवाचें साधन रचलें. १९८२ सालीं वॉल्टर टिची यांनीं आर.सी.एस. काढलें. त्यांत एक चतुर योजना होती. सर्वांत नवी प्रत पूर्ण ठेवावयाची, आणि मागील प्रतींविषयीं फक्त फरक तेवढा लिहून ठेवावयाचा. त्यामुळें आजची प्रत लागलीच हातीं येई. दहा वर्षांपूर्वींची प्रत हवी असल्यास मात्र एकेक फरक उलटा लावीत मागें जावें लागे. पुढें सी.व्ही.एस. हें साधन ह्याच पायावर उभें राहिलें. ह्या व्यवस्थेंत प्रत्येक फाइलीची वही स्वतंत्र. एका फाइलीचा इतिहास विचारा. एक वही उघडली कीं उत्तर तयार. परंतु अमक्या सोमवारीं एकाच कामासाठीं कोणकोणत्या फाइली बदलल्या, असें विचाराल, तर साऱ्या वह्या उघडून तारखा जुळवीत बसावें लागे. एखादा खातेदार वारला आणि त्याचीं दहा शेतें वारसांच्या नांवें झालीं, पण गांवांत फेरफाराची वहीच नसेल, तर दहा उतारे पुढ्यांत घेऊन जो ताळा करावा लागेल, तसाच हा प्रकार.

ही अडचण सबव्हर्जननें दूर केली. त्याचें काम २००० सालीं सुरू झालें आणि पहिली पक्की आवृत्ति २००४ सालीं निघाली. त्यांत साऱ्या संग्रहास मिळून एकच अनुक्रमांक चालतो, आणि प्रत्येक क्रमांकापाशीं कोणत्या फाइली बदलल्या हें लिहिलेलें असतें. ही थेट आपली फेरफार नोंदवही होय. परंतु ती वही एका मध्यवर्ती संगणकावर असते. इतिहास विचारणारास प्रत्येक वेळीं दूरच्या त्या संगणकाकडे विचारणा पाठवावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून माणूस तहसिलींत नक्कल घेण्यास शिरपुरास येई, तेव्हां नक्कल लिहिण्यास घटकाभर लागे आणि येण्याजाण्यांत दिवस जाई. त्या दिवसाचा दोष वहीवर घालणें बरोबर नव्हे. सबव्हर्जन मंद आहे असें मुलें म्हणतात, तेव्हां त्या मंदपणाचा बराच भाग रस्त्याचा असतो. संग्रह त्याच संगणकावर ठेवून विचारलें, तर तें अंतर पुष्कळ कमी होतें.

२००५ च्या एप्रिलांत ह्या क्षेत्रांत मोठी उलथापालथ झाली. लिनक्स नांवाची प्रचंड आज्ञावली जगभरचे लोक मिळून लिहीत होते, आणि तिच्या नोंदींसाठीं बिटकीपर हें एका कंपनीचें साधन विनामूल्य वापरीत होते. ती सवलत बंद झाली. तेव्हां लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं थोड्याच दिवसांत गिट उभें केलें. त्याच महिन्यांत मर्क्युरिअल हें दुसरें साधनही निघालें. दोहोंचें तत्त्व एक: सारें दप्तर प्रत्येकाच्या घरीं. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर आरंभापासूनचा संपूर्ण इतिहास असतो. कोठें जावें लागत नाहीं, कोणास विचारावें लागत नाहीं. लिनक्सच्या गिट-संग्रहांतील नोंदींनीं दहा लाखांचा आंकडा ओलांडला आहे. तरीही लॉग मागितला, कीं बोट उचलण्याच्या आंत पहिल्या ओळी समोर दिसूं लागतात. ह्या चमत्कारावरून गिट सर्वांत वेगवान असा निकाल मुलें देऊन टाकतात.

हा निकाल घाईचा आहे. कारण तो एकाच प्रश्नापुरता खरा आहे. साऱ्या संग्रहाचा इतिहास दाखव, असें म्हटलें तर गिटला नोंदीमागून नोंद वाचीत जावयाचें असतें, आणि तें काम तें उत्तम करतें. पण ह्या एकाच फाइलीचा इतिहास दाखव, असें म्हणून पाहा. गिट प्रत्येक नोंदीबरोबर साऱ्या संग्रहाचें त्या क्षणाचें चित्र ठेवतें. न बदललेले भाग पुन्हां न साठवतां त्यांच्याकडे नुसता निर्देश करतें. मात्र ह्या नोंदींत अमुक फाइल बदलली, असें त्यांत कोठें लिहिलेलें नसतें. तें मागच्या चित्राशीं पुढचें चित्र ताडून काढावें लागतें. म्हणून एका फाइलीसाठीं त्याला लाखों नोंदींपाशीं थांबून ताळा करावा लागतो. मर्क्युरिअल साऱ्या संग्रहाची कालवार वही ठेवतेंच, आणि शिवाय प्रत्येक फाइलीची स्वतंत्र वहीही ठेवतें. एका फाइलीचा इतिहास विचारला असतां तें सरळ त्या वहीकडे जातें. पहिल्या प्रश्नांत मागें पडणारा दुसऱ्या प्रश्नांत पुढें जाऊं शकतो, तो असा.

शाळेचें जनरल रजिस्टर ज्यांनीं हाताळलें आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून द्यावयास नको. मूल शाळेंत दाखल झालें कीं त्याला पुढील क्रमांक मिळतो, आणि त्यापुढें नांव, जात, जन्मतारीख, जन्मगांव व पुढें कधीं तरी शाळा सोडल्याची तारीख लिहिली जाते. ही कालवार वही. क्रमांक ठाऊक असेल तर नोंद मिनिटभरांत सांपडते. पण एखादा गृहस्थ येतो आणि म्हणतो, "गुरुजी, माझे आजोबा ह्या शाळेंत होते, वर्ष कांहीं माहीत नाहीं." मग पहिल्या पानापासून बोट फिरवीत जाण्यावांचून गत्यंतर नसतें.

हें काम निव्वळ कुतूहलाचें असतें तर सावकाश झालें तरी चाललें असतें. आमच्या तालुक्यांत पावरा आणि भिल्ल वस्ती मोठी आहे. त्या घरचें मूल शिकून वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशाच्या दारापर्यंत येतें, तेव्हां जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते, आणि ६ सप्टेंबर १९५० ह्या दिवसापूर्वींचा पुरावा तेथें फार मोलाचा ठरतो. इतर मागासवर्गीयांसाठीं ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७ ही आहे. आजोबांची शाळेंतील एक ओळ सांपडली, तर नातीचा मार्ग मोकळा होतो. ती ओळ प्रवेशाची मुदत संपल्यावर सांपडली, तर सांपडूनही तिचा उपयोग त्या वर्षापुरता नाहींसा होतो. जुन्या नोंदीचा वेग हा ओट्यावरच्या वादाचा विषय राहत नाहीं, तो येथें.

मग ह्यावर उपाय काय ? उपाय जुनाच आहे: अनुक्रमणिका. गिट रचणारांनींही शेवटीं तीच वाट धरली. २०१८ सालीं त्यांनीं नोंदींचा एक संक्षिप्त गोषवारा स्वतंत्र ठेवण्याची सोय केली. त्यांत कोणत्या नोंदीमागें कोणती नोंद आहे एवढेंच सुटसुटीत लिहिलेलें असतें, म्हणजे प्रत्येक वेळीं मूळ गठ्ठा सोडावा लागत नाहीं. २०२० सालीं त्यांत आणखी एक युक्ति घातली गेली. ती मूळ बर्टन ब्लूम यांनीं १९७० सालीं सुचविलेली. समजा, जनरल रजिस्टराच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर आपण त्या पानांतील नांवांचीं आद्याक्षरें लिहून ठेवलीं. आपल्याला गुलाब हें नांव हवें आहे. ज्या पानाच्या माथ्यावर ग नाहीं, तें पान उघडावयाचेंच नाहीं. जेथें ग आहे, तेथें गुलाब असेल किंवा गणपत असेल; तेवढें पान मात्र वाचून पाहावयाचें. ही खूण असलेल्यास नाहीं असें कधीं म्हणत नाहीं. नसलेल्यास कदाचित् असेल, असें क्वचित् म्हणते. तेवढ्यानें शेंकडा बहुतेक पानें उलटण्याचे श्रम वांचतात. मात्र हीं आद्याक्षरें कोणी तरी आधीं लिहून ठेवावीं लागतात, आणि गिटमध्येंही ह्या खुणा मुद्दाम सांगितल्याखेरीज तयार होत नाहींत. वाचतांना मिळणारा वेग कोणी तरी लिहितांना मोजलेला असतो.

येथपर्यंत आपण वेळेचा हिशेब केला. पण दोन उत्तरांची तुलना करावयाची तर दोन्ही उत्तरें पूर्ण आहेत कीं नाहींत, हें आधीं पाहिलें पाहिजे, आणि मुलांच्या वादांत नेमकी हीच गोष्ट सुटते. फाइलीचें नांव मध्येंच बदललें तर काय होतें ? गिट नामांतराची नोंद ठेवीत नाहीं. नव्या नांवानें इतिहास विचारला तर तें नामांतरापाशीं थांबतें. पलीकडे जा, असें वेगळें सांगावें लागतें, आणि मग तें दोन मजकुरांच्या सारखेपणावरून अंदाज बांधून पलीकडे जातें. मर्क्युरिअल, रीतसर कळविलें असल्यास, नामांतर लिहून ठेवतें, पण तें ओलांडण्यास सांगावेंच लागतें. सबव्हर्जनमध्यें रीतसर केलेलें नामांतर नोंदलेलें असतें, आणि त्याचा लॉग आपण होऊन ती सीमा ओलांडून मागें जातो. एकानें पापणी लवण्याच्या आंत पांच नोंदी दाखविल्या, आणि दुसऱ्यानें घटकाभर थांबवून वीस दाखविल्या, तर शर्यत कोणीं जिंकली ?

आपल्या दप्तरांत अशीं नामांतरें पदोपदीं आहेत. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वयें जेथें एकत्रीकरणाची योजना झाली, तेथें जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबरावरून मागें मागें गेलात, कीं इतिहास योजनेच्या वर्षापाशीं खुंटतो. शेत त्यापूर्वींही होतें. त्याचें नांव तेवढें निराळें होतें. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला, हें दाखविणारा तक्ता हातीं असेल तरच पुढचा, म्हणजे मागचा, प्रवास होतो. जिल्ह्याचेंही तसेंच. १९०६ पर्यंत सारा एकच खानदेश जिल्हा. त्या वर्षीं पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशास पुढें धुळें जिल्हा हें नांव मिळालें. आणि १९९८ सालीं त्यांतून नंदुरबार वेगळा झाला. नंदुरबार जिल्ह्याचा म्हणून १९३० चा कागद शोधणारास उत्तर फार लवकर मिळेल: असा कागद नाहीं. उत्तर लवकर मिळालें, आणि तें चुकीचें मिळालें.

लिपीचीही अशीच एक सीमा आहे. जुन्या पिढीचे कागद मोडींत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून असे कागद जमविले, त्यांतील कित्येक छापून काढले, आणि १९२६ सालीं धुळ्यांतच देह ठेवला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें १९२७ सालीं स्थापन झालें. छापलेला कागद कोणीही वाचावा. न छापलेल्यासाठीं वाचणारा शोधावा लागतो. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीच्या देखरेखीखालीं कुणबी नोंदींसाठीं महाराष्ट्रांतील जुनीं दप्तरें धुंडाळण्यांत आलीं, तेव्हां मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची गरज साऱ्या राज्याला एकाएकीं जाणवली. कपाटांतून कागद काढावयास फारसा वेळ लागत नव्हता. तो वाचावयास लागत होता.

आतां निकालाकडे वळूं. दोन साधनांच्या वेगाची तुलना न्यायानें करावयाची तर चार गोष्टी सांभाळाव्या. पहिली, प्रश्न एकच असावा. साऱ्या गांवाचा इतिहास आणि एका शेताचा इतिहास हे दोन प्रश्न आहेत. दुसरी, उत्तर दोघांचेंही सारखेंच लांब असावें. नामांतरापाशीं थांबलेल्याला पूर्ण गुण देऊं नयेत. तिसरी, पहिली खेप आणि दुसरी खेप वेगळी मोजावी. एकदां वाचलेला मजकूर संगणक आपल्या स्मरणांत ठेवतो, म्हणून तोच प्रश्न पुन्हां विचारला तर उत्तर लवकर येतें. धूळ झटकून एकदां काढलेलें रजिस्टर टेबलावरच असावें, तसें. चौथी, पहिली ओळ कधीं आली आणि शेवटची कधीं आली, ह्यांत भेद करावा; पहिली ओळ चटकन् आली म्हणजे काम झालें असें नव्हे.

ह्या चार कसोट्या लावल्या तर मला असें दिसतें. सारा इतिहास वरून खालीं चाळावयाचा असेल, तर गिटला तोड नाहीं. मोठ्या संग्रहांतील एकाच फाइलीचा माग काढावयाचा असेल, तर मर्क्युरिअलची स्वतंत्र वही उपयोगी पडते, आणि गिटला त्या खुणांची अनुक्रमणिका दिल्यावांचून बरोबरी साधत नाहीं. नांवें बदलत गेलेल्या फाइलीचा अखंड माग पाहिजे असेल, तर दूर असूनही सबव्हर्जन विश्वासू आहे. म्हणजे एकच एक विजेता नाहीं. आपला नेहमींचा प्रश्न कोणता हें ज्याला ठाऊक आहे, त्यानेंच निवड करावी. आज बहुसंख्य लोक गिट वापरतात. त्यांनीं निदान नामांतराची सीमा आणि अनुक्रमणिकेची गरज ह्या दोन गोष्टी विसरूं नयेत.

पण साऱ्या साधनांवर मात करणारी एक मंदता आहे, आणि तिला कोणतेंही यंत्र उपाय करूं शकत नाहीं. ती म्हणजे निरर्थक नोंद. बदल कशासाठीं केला ह्या रकान्यांत पुष्कळ तरुण मंडळी दुरुस्ती केली, किरकोळ बदल, एवढेंच लिहितात. असल्या हजार नोंदी क्षणार्धांत समोर आल्या तरी वाचणारा होता तेथेंच राहतो. चांगल्या फेरफाराच्या नोंदींत कोण वारला, कधीं वारला, वारस कोण, दस्त कोणता, त्याचा क्रमांक काय, हें सारें असतें. तीस वर्षांनीं वाचणाऱ्या अनोळखी माणसालाही ती पुरी पडते. घाईनें अर्धी नोंद करणारा आपले दोन क्षण वांचवितो आणि पुढच्या माणसाचे दोन दिवस खर्ची घालतो.

ऐकणाऱ्या गृहस्थांना आणि गृहिणींना ह्यांतून घेण्यासारखें एक काम आहे. एखाद्या रविवारीं घरांतील कागद काढा, आणि एका वहींत घराण्याच्या नोंदींची अनुक्रमणिका करा. शेत असेल तर आजचा गट नंबर, त्याचा जुना सर्व्हे नंबर, आणि उताऱ्यावरील वर्तुळांतले फेरफार क्रमांक ओळीनें लिहा. महाभूलेखवर आजचा उतारा घरबसल्या पाहतां येतो. पण तेथें दिसणाऱ्या आंकड्याच्या मागें कोणती हकीकत आहे, हें तुम्हीच लिहून ठेवलें पाहिजे. फेरफाराची नोटीस आली तर ती मुदतींत वाचा, कारण प्रमाणित झालेली नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. घरांतील वडील माणसांपैकीं कोण कोणत्या शाळेंत, कोणत्या वर्षीं दाखल झालें, त्या वेळीं नांव व आडनांव कसें लिहिलें होतें, आणि दाखल्यावर जनरल रजिस्टराचा क्रमांक कोणता आहे, हेंही टिपा. ज्यांना हें ठाऊक आहे तीं माणसें आज घरांत आहेत; हें काम त्यांच्याशेजारीं बसूनच करावयाचें आहे. आणि ज्यांचीं मुलें संगणकावर काम करतात, त्यांनीं आपल्या मुलांना एवढेंच विचारावें, कीं आज तूं जो बदल केलास त्याचें कारण नोंदींत पूर्ण लिहिलेंस कीं नाहीं.